अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वजाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता अमेरिकन सुना आणि जावई आले आहेत. नातवंडाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, की एका बाजूचा छापील कुलवृत्तांत कपाटातून निघतो आणि दुसऱ्या बाजूची माहिती पणजोबांच्या नावापाशी येऊन थांबते. माझ्या सुनेच्या माहेरचा शोध मी अशाच निमित्ताने हाती घेतला आणि गेली सहा वर्षे तो चालू आहे. या काळात इतरांनी मला विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणांसाठी बहुतेक ठिकाणी अब्राहम लिंकन यांचे घराणे घेतले आहे, कारण त्यांचे वडील थॉमस हे एक साधे शेतकरी आणि सुतार होते, आणि अशा घराचा माग काढताना येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण त्या घराण्याच्या कागदपत्रांत आलेली आहे.

सुरुवात कोठून करावी?

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करावी, आणि एकेक पिढी मागे जावे. एखादा प्रसिद्ध पूर्वज धरून तेथून खाली उतरण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. जुन्या अमेरिकन घरांत कुटुंबाचे मोठे बायबल जपून ठेवलेले असते आणि जुना करार संपून नवा सुरू होतो त्या ठिकाणच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिलेले असतात. थॉमस लिंकन यांच्या बायबलमधील अशा नोंदी खुद्द अब्राहम लिंकन यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर १८५१ च्या सुमारास आपल्या हाताने लिहिल्या आहेत. असे बायबल हाती आले तर नोंदी वाचण्याआधी मुखपृष्ठामागचे मुद्रणवर्ष पाहावे. ग्रंथ १८७० साली छापलेला असेल आणि पहिली नोंद १८२२ ची असेल, सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच वळणाच्या असतील, तर त्या कोणीतरी एका बैठकीत आठवून लिहिल्या आहेत असे समजावे. त्यांची किंमत त्यामुळे नाहीशी होत नाही, पण घटनेच्या दिवशी लिहिलेल्या नोंदीइतका भरवसा त्यांवर ठेवता येत नाही.

घरची माहिती संपली की जनगणनेकडे वळावे. संघराज्याची जनगणना ७२ वर्षे गोपनीय राहते, म्हणून आज सर्वांना खुली असलेली सर्वांत अलीकडची जनगणना १९५० ची आहे. ती १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. तेथून दहा-दहा वर्षांनी मागे सरकत जावे.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करावी. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेल्यावर गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय वही काढून सात पिढ्या वाचून दाखवतात. अमेरिकेत घराण्यानुसार लावलेले असे दप्तर नाही. तेथे सारे कागद जागेनुसार लावलेले आहेत, आणि त्यांतही काउंटीनुसार. आपल्या जिल्ह्यासारख्या या विभागाच्या कचेरीत जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, लग्नाच्या नोंदी आणि दावे ठेवलेले असतात. म्हणून ‘ते कोण होते’ या प्रश्नाआधी ‘त्या वर्षी ते कोणत्या काउंटीत राहत होते’ हा प्रश्न सोडवावा लागतो. ज्यांचा शोध वर्षानुवर्षे अडतो, ते बहुधा नावाच्या मागे धावत असतात.

प्रत्येक जनगणनेत सर्वांची नावे मिळतात का?

नाही, आणि हे न कळल्याने फार वेळ वाया जातो. पहिली जनगणना १७९० ची. तेव्हापासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बाकीची माणसे वयोगट आणि लिंग यांच्या रकान्यांत नुसती आकड्यांनी दाखवलेली असत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, जन्मराज्य आणि व्यवसाय लिहिला जाऊ लागला. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गुलामगिरीत असलेल्या माणसांविषयी पुढे वेगळे लिहिले आहे. कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांची जन्मस्थळे हे दोन रकाने १८८० मध्ये आले.

नाते लिहिलेले नसते तेव्हा घरातली सारी मुले एकाच दांपत्याची मानू नयेत. थॉमस लिंकन यांनी पहिली पत्नी नॅन्सी वारल्यावर डिसेंबर १८१९ मध्ये सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. त्यानंतर इंडियाना राज्यातील त्यांच्या एका खोलीच्या लाकडी घरात थॉमस यांची दोन मुले, सारा यांची पहिल्या लग्नाची तीन मुले आणि नॅन्सी यांच्या नात्यातला डेनिस हँक्स असे सगळे एकत्र राहत होते. केवळ आकडे पाहणारा या सर्वांना एका आईची लेकरे समजेल.

१९०० च्या जनगणनेत विवाहित स्त्रीने किती मुलांना जन्म दिला आणि त्यांतली किती हयात आहेत, असे दोन रकाने आहेत. माझ्या सुनेच्या खापरपणजीच्या नावापुढे ९ आणि ५ असे आकडे आहेत. घरातल्या कोणालाही पाचाहून अधिक मुलांची नावे ठाऊक नव्हती. त्या दोन आकड्यांमुळे आम्ही चार मुलांचा शोध सुरू केला आणि त्यांतली तीन एका चर्चच्या दफन-नोंदीत एकाच महिन्यात सापडली.

जन्मून लवकर वारलेली मुले कोणत्याच जनगणनेत नसतील, तर ती शोधायची कशी?

१८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार जनगणनांबरोबर मृत्यूंची वेगळी यादी केली गेली. १ जूनच्या आधीच्या बारा महिन्यांत घरात कोण वारले, कोणत्या वयात, कशाने आणि किती दिवसांच्या आजाराने, हे तीत लिहिलेले असते. लिंकन दांपत्याचा दुसरा मुलगा एडवर्ड मार्च १८४६ मध्ये जन्मला आणि १ फेब्रुवारी १८५० रोजी, चार वर्षांचा होण्याआधीच गेला. १८४० मध्ये तो जन्मला नव्हता आणि १ जून १८५० ला तो हयात नव्हता, त्यामुळे लोकांच्या यादीत तो कधीच आला नाही. मृत्यूंच्या यादीत मात्र तो आहे, आणि त्याच्या नावापुढे क्षय हे कारण लिहिलेले आहे. दोन जनगणनांच्या मधल्या फटीत जगून गेलेली अशी मुले घराघरांत आहेत. मला स्वतःला या यादीचे काम सर्वांत जड जाते, पण ते टाळू नये असे मी प्रत्येकाला सांगते.

दोन जनगणनांत एकाच व्यक्तीचे वय जुळत नाही. मग ती व्यक्ती वेगळी समजावी का?

तेवढ्यावरून नाही. १८५० च्या जनगणनेत लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचे वय २८ आहे आणि १८६० मध्ये ३५. म्हणजे दहा वर्षांत त्या सात वर्षांनी वाढल्या, आणि दोन्ही आकडे खऱ्या वयापेक्षा कमीच आहेत. प्रगणक दारात आला तेव्हा माहिती कोणी दिली हे १९४० पूर्वीच्या जनगणनेत लिहिलेले नसते. ती मोलकरणीने किंवा शेजाऱ्यानेही दिलेली असू शकते. वयात तीन-चार वर्षांचा फरक सोसावा. पण जन्मराज्य, व्यवसाय, मुलांचा क्रम आणि शेजारची घरे यांपैकी काहीच जुळत नसेल, तर मात्र थांबावे.

१८९० ची जनगणना कोठेच का सापडत नाही?

१० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. तीत आणि विझवताना मारलेल्या पाण्यात तिचा बहुतेक भाग खराब झाला, आणि उरलेले कागद पुढे १९३० च्या दशकात सरकारी मंजुरीने नष्ट करण्यात आले. सहा कोटींहून अधिक लोकांच्या नोंदींपैकी आज सुमारे सहा हजार नावे उरली आहेत.

१८८० ते १९०० ही वीस वर्षे भरून काढण्यासाठी शहरांच्या वार्षिक नामसूची, करनोंदी आणि काही राज्यांनी स्वतः केलेल्या जनगणना वापराव्यात. न्यूयॉर्कची १८९२ ची आणि कॅन्ससच्या १८८५ व १८९५ च्या जनगणना उपलब्ध आहेत. कॅन्ससच्या नोंदीत ते कुटुंब कोणत्या राज्यातून तेथे आले हेही विचारलेले असल्याने त्या फार मोलाच्या आहेत.

जन्मदाखला मिळेल का?

बहुधा नाही. जन्म-मृत्यूची राज्यस्तरीय नोंद मॅसेच्युसेट्सने १८४१ मध्ये सुरू केली, पण पेनसिल्व्हेनियात ती १९०६ मध्ये आणि साउथ कॅरोलायनात १९१५ मध्ये आली. त्याआधीचा जन्म सिद्ध करायचा तर चर्चचा बाप्तिस्मा, बायबल, थडगे आणि वृत्तपत्रे यांवर अवलंबून राहावे लागते. एक वाट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही: १८४५ मध्ये जन्मलेली व्यक्ती १९१५ मध्ये वारली असेल, तर तिचा मृत्युदाखला असण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्यात तिच्या आईवडिलांची नावे विचारलेली असतात. ती नावे कोणी सांगितली हेही दाखल्यावर असते. मृताच्या जावयाने सासऱ्याच्या आईचे माहेरचे नाव सांगितले असेल, तर त्याला केवळ धागा समजावे.

आजोबा ज्या काउंटीत जन्मले तेथे त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद नाही. आता काय करावे?

लिंकन यांच्या आईवडिलांबाबत नेमके हेच घडले. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतील हार्डिन काउंटीत झाला. त्या काउंटीच्या कचेरीत थॉमस आणि नॅन्सी यांच्या लग्नाची नोंद मिळाली नाही, तेव्हा ते लग्न झालेच नव्हते अशी कुजबुज पसरली आणि राष्ट्राध्यक्षांच्या हत्येनंतरही ती थांबली नाही. १८७८ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात तेथल्या कारकुनाला लग्नाचा जामीनकतबा (लग्नाला कायदेशीर अडचण नाही, अशी वराने जामिनासह दिलेली लेखी हमी) आणि धर्मोपदेशक जेसी हेड यांनी भरून दिलेले विवाहविवरण सापडले. लग्न १२ जून १८०६ रोजी झाले होते. वधू त्या भागात राहत होती, आणि लग्न वधूकडे लागते ही रीत तिकडेही होती.

म्हणून लग्न नेहमी वधूच्या काउंटीत शोधावे, आणि नकाशावर शेजारच्या सर्व काउंट्या पाहाव्यात. त्याबरोबरच हद्दी कधी बदलल्या हेही तपासावे. लिंकन यांचे जन्मस्थान आज लारू काउंटीत आहे, परंतु ती काउंटी १८४३ मध्ये हार्डिनमधून काढली गेली. कुटुंब एकाच शेतावर बसून राहते आणि कागद मात्र दोन-तीन कचेऱ्यांत विखुरतात. राज्यांच्या हद्दीही याला अपवाद नाहीत: वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य १८६३ मध्ये व्हर्जिनियातून वेगळे झाले. कचेरी जळाली असे कळले तरी लगेच निराश होऊ नये, कारण अनेक ठिकाणी लोकांनी आपली खरेदीखते पुन्हा आणून नोंदवली आहेत.

एकाच नावाची दोन माणसे वेगळी कशी ओळखावीत?

या बाबतीत मी स्वतः आठ महिने चुकीच्या माणसाच्या मागे घालवले, म्हणून सविस्तर लिहिते. ओहायोतल्या एका काउंटीत माझ्या सुनेच्या खापरपणजोबांच्या नावाचे दोन पुरुष होते. दोघे शेतकरी, दोघांच्या पत्नीचे नाव मेरी, वयांत दोन वर्षांचे अंतर. एका संकेतस्थळावर कोणीतरी काढून ठेवलेल्या वंशवृक्षात या दोघांना एक केलेले होते आणि तो वंशवृक्ष आणखी वीस-पंचवीस जणांनी उतरवून घेतला होता. वीस ठिकाणी तेच दिसते म्हणजे ते खरे असणार, असे मी धरून चालले.

उलगडा झाला तो शेजाऱ्यांमुळे. १८६० आणि १८७० च्या जनगणनेतली मागची-पुढची दोन-दोन पाने मी उतरवून काढली. एका पुरुषाच्या आजूबाजूला दोन्ही वेळा तीच चार घरे होती. दुसऱ्याच्या शेजारची घरे सर्वस्वी निराळी होती, आणि त्याची जमीन काउंटीच्या दुसऱ्या टोकाच्या टाउनशिपमध्ये (काउंटीच्या पोटविभागात) होती. मग करनोंदी पाहिल्या, तर एकाच वर्षी दोघे दोन ठिकाणी कर भरत होते. त्या दिवसापासून मी कोणाही पूर्वजाचे पान एकटे उतरवून घेत नाही, शेजारच्या घरांसकट घेते.

नावापुढची ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ ही बिरुदेही फसवतात. त्या काळी गावातल्या एकाच नावाच्या थोरल्या आणि धाकट्या माणसाला ती लावत, मग ते चुलतापुतण्या असोत किंवा परके. आणि थोरला वारला की धाकटा आपोआप ‘सीनियर’ होई.

स्त्रियांची माहेरची नावे कशी शोधावीत?

लग्नाच्या जामीनकतब्यावर वराबरोबर जो जामीन सही करतो, तो बहुधा वधूचा बाप किंवा भाऊ असतो. ते नाव प्रथम पाहावे. जमीन विकताना पत्नीला तिच्या हक्काचा त्याग वेगळा लिहून द्यावा लागे, म्हणून खरेदीखतात तिचे नाव येते. सासऱ्याच्या मृत्युपत्रात मुलींचा उल्लेख लग्नानंतरच्या नावाने होतो. मुलाचे मधले नाव हाही धागा आहे, पण तो जपून ओढावा. लिंकन यांच्या थोरल्या मुलाचे नाव रॉबर्ट टॉड, आणि टॉड हे मेरी यांचे माहेर. तेवढ्यावरून दुसऱ्या मुलाच्या, एडवर्ड बेकरच्या, नावावरून बेकर हे कोणा आजीचे माहेर मानले तर चूक होईल, कारण ते नाव लिंकन यांच्या एका राजकारणी स्नेह्याचे आहे.

हाक मारण्याची नावेही ठाऊक असावीत. पॉली म्हणजे मेरी, पेगी म्हणजे मार्गारेट आणि सॅली म्हणजे सारा. एकच स्त्री तीन कागदांत तीन नावांनी आली तरी गोंधळून जाऊ नये.

पूर्वज यादवी युद्धात लढले होते असे सांगतात. त्याचा काही उपयोग होतो का?

फार मोठा उपयोग होतो. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढलेल्या सैनिकाने, त्याच्या विधवेने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईने पेन्शन मागितले असेल, तर त्या प्रकरणाची फाइल नॅशनल आर्काइव्हज या संघराज्याच्या अभिलेखागारात आहे आणि ती शुल्क भरून मागवता येते. एकोणिसाव्या शतकातल्या सामान्य अमेरिकन कुटुंबाविषयी इतके तपशील दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात मिळत नाहीत. नुसत्या सेवानोंदीवर समाधान मानू नये. तीत हजेरी, पगार आणि जखमा असतात, कुटुंब फारसे नसते. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांना पेन्शन त्या त्या राज्याने दिले, म्हणून त्यांचे कागद राज्याच्या अभिलेखागारात पाहावेत.

विधवेला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: लग्न झाले होते, नवऱ्याचा मृत्यू युद्धसेवेमुळे झाला, आणि सोळा वर्षांखालची मुले त्याची आहेत. दाखले नव्हते, म्हणून सुईणीचे, शेजारणीचे आणि धर्मोपदेशकाचे प्रतिज्ञापत्र जोडले जाई, आणि काही वेळा बायबलमधले पानच फाडून पाठवले जाई. आमच्या फाइलीत असे एक पान आहे. घडीवर ते जीर्ण झाले आहे, कडेला शिवणीची भोके दिसतात, आणि पाच मुलांच्या जन्मतारखांखाली सहावी ओळ नुसती रेघ मारून रिकामी सोडलेली आहे. त्याच फाइलीत एका शेजारणीचे प्रतिज्ञापत्र आहे. तिने शपथेवर सांगितले आहे, की तिसऱ्या मुलाच्या वेळी आपण रात्रभर त्या घरी होतो आणि ती तारीख आपल्याला आठवते, कारण त्याच आठवड्यात आपलीही मुलगी जन्मली. तिला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी फुली आहे आणि फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने तिचे नाव लिहिले आहे. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ लिहिलेली आढळते, ती मला त्या क्षणी आठवली.

१८९८ मध्ये पेन्शन खात्याने निवृत्त सैनिकांना एक प्रश्नपत्रिका पाठवली. पत्नीचे माहेरचे नाव काय, लग्न कोठे, कधी आणि कोणी लावले, आधीचे लग्न झाले होते काय, कोणती मुले हयात आहेत आणि त्यांच्या जन्मतारखा काय, असे ते प्रश्न होते. पूर्वज त्या वर्षी पेन्शन घेत असतील, तर हा कागद फाइलीत आवर्जून शोधावा.

जमिनीच्या कागदांतून कुटुंबाची माहिती मिळते का?

मिळते, पण आधी ते राज्य कोणत्या प्रकारचे आहे हे पाहावे. मूळच्या तेरा वसाहती, त्यांतून फुटलेली राज्ये, केंटकी, टेनेसी आणि टेक्सस येथे जमीन राज्याने दिली, आणि जुन्या राज्यांत ती बहुतेक झाड, ओढा, दगड अशा चतुःसीमांनी मोजली. एका जमिनीवर दोघांचे हक्क निघण्याचे प्रकार त्यामुळे केंटकीत फार झाले. थॉमस लिंकन यांनी १८१६ मध्ये केंटकी सोडले, त्यामागे गुलामगिरीपेक्षाही जमिनीच्या हक्काची ही कटकट मोठी होती, असे त्यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे. इंडियानात जमीन संघराज्याची होती, चौकोनी मोजणी करून विकली जात होती आणि सनद पक्की मिळत होती. अशा सनदांची छायाचित्रे भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. सनदेवर नाव आणि गट एवढेच असते, म्हणून तीमागची फाइल मागवावी: घर केवढे होते, किती एकर नांगरली, कुटुंबात किती माणसे, असे सारे शेजाऱ्यांच्या साक्षींसह तीत असते, आणि परदेशातून आलेल्याचे नागरिकत्वाचे कागदही असतात.

एलिस आयलंडवर आमचे आडनाव बदलले, असे घरात सांगतात. ते खरे आहे का?

नाही. एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातले परदेशी प्रवाशांच्या तपासणीचे ठाणे होते. प्रवाशांची यादी जहाज निघण्याच्या बंदरावर कंपनीचा माणूस लिहीत असे आणि न्यूयॉर्कला अधिकारी त्या यादीवरून प्रश्न विचारत. नवे नाव देणे हे त्यांचे कामच नव्हते. नावे बदलली ती बहुधा लोकांनी स्वतः, पुढच्या काही वर्षांत, कामाच्या आणि शाळेच्या सोयीने. शिवाय एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. त्याआधी, १८५५ ते १८९० या काळात, न्यूयॉर्कला येणारे कॅसल गार्डन येथे उतरत. आणि बॉस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स ही बंदरेही होतीच. प्रवाशांच्या याद्या १८२० पासून आहेत. जर्मन पूर्वजांसाठी हॅम्बुर्गच्या १८५० पासूनच्या याद्या अधिक कामाच्या, कारण त्यांत मूळ गाव असते.

पूर्वज गुलामगिरीत होते. त्यांचा शोध लागू शकतो का?

लागू शकतो, पण वाट वेगळी आहे. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या आणि त्यांत मालकाच्या नावाखाली जवळजवळ सर्वत्र केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहिला आहे. नाव नाही. म्हणून बहुतेकांची नावे संघराज्याच्या जनगणनेत प्रथम येतात ती १८७० मध्ये, आणि तेथवर पोहोचलेला शोध तेथेच अडतो.

त्यापुढे सरकण्यासाठी १८७० च्या त्या पानावरची आसपासची घरे पाहावीत, कारण मुक्त झालेली अनेक कुटुंबे जुन्या मालकाच्या जवळच राहिली होती. मात्र मालकाचेच आडनाव घेतले असेल असे गृहीत धरू नये. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याच्या कागदांत मजुरीचे करार, विवाहनोंदी आणि तक्रारी आहेत, आणि फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खातेनोंदींत आईवडील आणि भावंडांची नावे विचारलेली आहेत. दोन्ही संग्रह फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. संघराज्याच्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणींत सुमारे १,८०,००० सैनिक होते. त्यांच्या पेन्शन-फाइलींत तर जुना मालक कोण होता हेही जबानीत येते.

मालकाचे नाव निश्चित झाले की त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी काउंटीच्या दप्तरात शोधावी. त्या यादीत नांगर, खेचरे आणि खाटा यांच्याच ओळीत माणसांची नावे असतात आणि प्रत्येकापुढे किंमत असते. आई आणि तान्हे मूल पुष्कळदा एका किमतीत लिहिलेले आढळते. ही पाने शांतपणे वाचणे कोणालाही अवघड आहे. परंतु काही कुटुंबांसाठी पणजीचे नाव आढळणारा तोच एकमेव कागद असतो, म्हणून तो पूर्ण उतरवून घ्यावा, आपल्याला हवी तेवढीच ओळ नव्हे.

मुक्तीनंतर लोकांनी विकल्या गेलेल्या आईला, भावंडांना, मुलांना शोधण्यासाठी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. शेवटची भेट कोणत्या गावी झाली, कोणत्या व्यापाऱ्याने नेले, तेव्हाचे नाव काय, हे त्यांत सांगितलेले असते. ताटातूट होऊन वीस-तीस वर्षे लोटल्यावरही अशा जाहिराती येत होत्या. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ‘लास्ट सीन’ या प्रकल्पाने त्यांतल्या हजारो जाहिराती एकत्र आणल्या आहेत.

आम्ही एका प्रसिद्ध व्यक्तीचे वंशज आहोत असे ऐकत आलो आहोत. डीएनए चाचणीने ते सिद्ध होईल का?

आधी कागद पाहावेत. लिंकन यांचे निर्विवाद असे अखेरचे वंशज, त्यांचे पणतू, डिसेंबर १९८५ मध्ये वारले. त्यामुळे आज त्या आडनावाचे कोणीही त्यांच्यापासून थेट उतरलेले असू शकत नाही, फार तर भाऊबंदकीतले असेल. आडनावाचे साम्य किती जपून वापरावे, हे खुद्द लिंकन यांनी दाखवले आहे. १८५९ मध्ये स्वतःविषयी लिहिताना त्यांनी नमूद केले, की न्यू इंग्लंडमधल्या (मॅसेच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडील राज्यांतल्या) लिंकन घराण्याशी आपले नाते जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, लेवाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावे दोन्हीकडे आढळतात, यापलीकडे काही निष्पन्न झाले नाही. नावे जुळत असूनही त्यांनी नाते असल्याचा दावा केला नाही. पुढे अभ्यासकांनी कागदोपत्री ते सिद्ध केले: मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसेच्युसेट्सला आला होता.

डीएनए चाचणी जेथे प्रश्न नेमका असतो तेथे उत्तम काम करते. लिंकन यांच्या आई नॅन्सी कोणाच्या कन्या, हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला. आईकडूनच उतरणाऱ्या डीएनएच्या तुलनेतून २०१५ मध्ये त्या लूसी हँक्स यांच्या कन्या असल्याला पुष्टी मिळाली. साध्या चाचणीत मात्र खापरपणजोबांकडून आलेला वाटा सरासरी सव्वासहा टक्के असतो, आणि कागदांवर बसवलेला वंशवृक्ष हाताशी नसेल तर त्यातून दूरच्या भावंडांची लांबलचक यादी तेवढी हाती येते.

जुने हस्ताक्षर वाचताना कशाची काळजी घ्यावी?

तारखांची प्रथम. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ४/७/१८६१ म्हणजे ७ एप्रिल. आपला हात सवयीने ४ जुलै लिहून जातो. उतरवताना महिना अक्षरांत लिहावा. शब्दात दोन ‘एस’ लागोपाठ आले तर पहिला ‘एफ’सारखा लांब काढलेला असतो, त्यामुळे ‘रॉस’ हे आडनाव सूचीत भलतेच लागलेले आढळते. जॉनचे संक्षिप्त रूप जोनाथनसारखे दिसते आणि विल्यमचे दोनच अक्षरांचे असते. सूचीत नाव मिळाले नाही, तर त्या टाउनशिपची सारी पाने क्रमाने वाचावीत; एका गावाची वीस-तीस पाने वाचायला एक संध्याकाळ लागते.

पूर्वज मिशनरी म्हणून महाराष्ट्रात आले होते. त्यांच्या नोंदी अमेरिकेत सापडतील की येथे?

दोन्हीकडे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे मिशनचे मोठे केंद्र झाले. त्यांना पाठवणाऱ्या बॉस्टनच्या मंडळाचा पत्रव्यवहार हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. या मिशनरींचे विवाह, मुलांचे जन्म आणि मृत्यू त्या पत्रांत आणि मंडळाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात येतात. १८४२ नंतरच्या काळासाठी अहमदनगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ही पाहावा. अविवाहित स्त्रियांनाही विसरू नये. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यांच्यामागे वंश नाही, पण भावंडांच्या वंशजांना त्यांची पत्रे हवी असतात.

अशी कुटुंबे दोन खंडांत विभागलेली असतात हे ध्यानात ठेवावे. हॉल यांच्या पत्नी १८२५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिकेला परतल्या. स्वतः हॉल २० मार्च १८२६ रोजी नाशिकहून परतताना वाटेत पटकीने गेले. मुंबईत जन्मलेला त्यांचा त्याच नावाचा मुलगा मॅसेच्युसेट्समध्ये धर्मगुरू झाला. जनगणनेत त्याचे जन्मस्थान पाहताना हे ठाऊक नसेल, तर ‘भारत’ हा शब्द वाचून कोणीही प्रगणकाची चूक समजून पान उलटील.

उलटही शोधावे. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या आणि त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांच्या नावाची शिळा आहे. त्या घराण्याचा शोध घेणाऱ्याला तेथे एक मराठी नाव लागते. म्हणून थडग्याचे छायाचित्र घेताना शेजारच्या शिळांचीही घ्यावीत, आडनाव वेगळे असले तरीही.